टाचेखालून सुटलेली गोगलगाय

माझ्या जिभेला दात आहेत, मित्रांनो. एक-दोन नव्हेत, हजारो. किसणीवर असतात तसे ओळीने बसवलेले. दगडावरचे शेवाळ मी त्या जिभेने खरवडून खाते, आणि कुणाला चार शब्द सुनवायचे असले तर तेही त्याच जिभेने सुनावते. तेव्हा 'बिचारी गोगलगाय' म्हणत जो माझी गोष्ट ऐकायला बसला असेल त्याने आताच उठावे.

मी बडोद्याजवळच्या कोयलीच्या अलीकडच्या एका तळ्यातली जुनी गोगलगाय आहे. वय चौदा महिने. हसू नका. आमच्यात वर्ष गाठणारी विरळा. माझा शंख फिकट तपकिरी, टोकाला निमुळता आणि इतका पातळ आहे की उन्हात धरला तर आत माझे काळीज हलताना दिसते. त्याच्या एका कडेला मोठा सांधा आहे आणि माझे डावे शिंग आखूड आहे. या दोन खुणा मला कुणी दिल्या ते पुढे सांगेनच.

शाळा मी पाहिली नाही. बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या एका काचेच्या बरणीत मी सात-आठ महिने काढले, तेवढेच माझे शिक्षण. गोगलगायीला कान नसतात असे तिथेच कळले. मग माणसांचे बोलणे तू ऐकलेस कसे, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की जिथे आपला जीव टांगलेला असतो तिथले पायाच्या तळव्यानेही ऐकू येते.

तुम्ही माणसे म्हणता, 'गोगलगाय आणि पोटात पाय'. दिसायला गरीब आणि आतून पक्की, असा त्याचा अर्थ. कुणी शिवी म्हणून केली असेल ही म्हण. मी ती मिरवते. कारण मला दोन सूड घ्यायचे होते आणि ते मी पोटात धरूनच वाढले.

दोन सूड, कारण मला दोन आया होत्या. आमच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी असे नसते. दोघी भेटतात आणि दोघीही अंडी घालतात. जिने मला घातले ती माझी थोरली आई. जिच्याकडून मला अर्धे रक्त मिळाले ती धाकटी, पायरीच्या दगडाखाली राहणारी, रुंद शंखाची आणि खाष्ट स्वभावाची.

श्रावणात कमळाच्या पानाखाली एका पारदर्शक चिकट गोळ्यात आम्ही साठ भावंडे होतो. बाहेर पडलो तेव्हा थोरली आई शेजारच्याच पानावर होती. आठवडाभर ती आमच्यापुढे पाणी कापत चालायची. मग भादव्यात तिला चपट्याने धरले.

चपट्या कोण ते सांगते. डॉक्टर लोक त्याला पर्णकृमी म्हणतात, लिव्हर फ्लूक म्हणतात. पिंपळाच्या लहान पानासारखा चपटा किडा. तो म्हशीच्या काळजाशेजारच्या यकृतात राहतो, तिचे रक्त पितो आणि तिथेच अंडी घालतो. अंडी शेणावाटे बाहेर येतात, पाण्यात पडतात आणि पंधरा दिवसांनी त्यातून एक केसाळ पोर निघते. डोळ्यांना दिसणारही नाही इतके बारीक. त्याला तोंड नाही, खायला काही नाही, हातात फक्त एक दिवस. त्या एका दिवसात त्याला गोगलगाय सापडली नाही तर ते मरते. म्हणून ते आमच्या बुळबुळीचा वास काढत पाणी पिंजत फिरते.

थोरल्या आईच्या पायाला ते टोचले तेव्हा ती कमळाचा देठ खात होती. तिला काही जाणवलेच नाही. आत शिरून त्याने केस टाकले, त्याची पिशवी झाली, पिशवीतून तोंडाची पोरे निघाली आणि त्या पोरांनी आईच्या पोटातली अंड्यांची जागा सगळ्यांत आधी खाल्ली. जाणूनबुजून आधी. अंडी घालण्यात तिची ताकद खर्च होऊ नये, ती सगळी त्यांच्या तोंडी पडावी म्हणून. आई मेली नाही. उलट तिचा शंख फुगला, ती तळ्यातली सगळ्यांत मोठी गोगलगाय दिसू लागली. शेजारणी म्हणत, काय अंग धरलेय बाईने! अंग तिचे नव्हतेच. तिच्या घरात दुसऱ्याचा संसार मांडला होता आणि ती फक्त भिंती उचलून चालत होती.

मग एका दुपारी ऊन पाण्यावर सरळ पडले तेव्हा तिच्या अंगातून पीठ उडाल्यासारखे शेपटीचे किडे निघाले. शेकड्यांनी. ते काठच्या गवताला जाऊन चिकटले, शेपट्या टाकल्या आणि पांढऱ्या टिकल्या होऊन बसले. असे रोज दुपारी महिनाभर चालले. शेवटी आई पानावरून सुटली आणि तळाला गेली. मी तिच्या शंखावर चढून पाहिले. आत काही उरले नव्हते.

त्या दिवशी मी चपट्याचे नाव पोटात ठेवले.

आता दुसरे नाव. चिमणाबाई.

तळ्याच्या वरच्या अंगाला चिमणाबाईंचा गोठा आहे. त्यांचे यजमान जयसिंगराव रिफायनरीतून निवृत्त झाले, तेव्हा चार लोकांनी सुभानपुऱ्यात मुलाजवळ राहायला सुचवले. चिमणाबाई म्हणाल्या, मला लिफ्टमध्ये गुदमरते, मी म्हशी पाळणार. आणि पाळल्या. काजळी ही त्यांची पहिली, तिच्या पाठची बिजली. त्या दुधाचे श्रीखंड सणावारी सुभानपुऱ्यातल्या मराठी घरांत जाते, आणि वाटी परत करताना कुणी 'छान झाले होते' एवढेच म्हटले तर चिमणाबाईंना अपमान वाटतो. छान काय, बडोद्यात दुसरे दाखवा.

त्यांच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही, हे मला कबूल करावे लागते. माझ्यासारखी तीच.

त्यांचा सगळ्यांत मोठा अभिमान म्हणजे गोठा. रोज पहाटे नळी लावून त्या गोठा असा धुवायच्या की फरशीत तोंड दिसावे. शेणाचा कण राहू द्यायच्या नाहीत. ते सगळे पाणी खराट्याने लोटत एका सिमेंटच्या नालीत घालायच्या आणि नाली उतरत उतरत थेट आमच्या तळ्यात यायची. आजूबाजूच्या तबेल्यांतले लोक पाहायला यायचे. शेजारच्या रंजनबेन म्हणायच्या, 'चिमणाबेन, तमारा तबेलामां तो जमवा बेसाय.' इथे जेवायला बसावे इतका स्वच्छ. चिमणाबाई मान हलवायच्या, जणू हे त्यांना माहीतच होते.

गोठा झाला की विळा घेऊन त्या काठाला यायच्या आणि पाण्यालगतचे कोवळे, ओले गवत कापून काजळीपुढे टाकायच्या. कडब्यावर माझी म्हैस राहणार नाही म्हणायच्या. पाण्यालगतचे गवत, मित्रांनो. ज्यावर टिकल्या बसल्या होत्या तेच.

आमच्या तळ्यात हे सगळ्यांना दिसत होते. फक्त नालीच्या वरच्या टोकाला उभे राहिलेल्या बाईला दिसत नव्हते.

कार्तिकात चपट्याचे पोर मला टोचले. पायाच्या उजव्या कडेला, शिंगापासून जरा मागे. मला आईसारखे अजाण राहायचे नव्हते, मी जागी होते. ते आत शिरले आणि केस टाकू लागले. माझ्या निळसर रक्तात पहारेकरी आहेत, बारीक, पसरट पेशी. तुमच्याही अंगात असतात. एरवी त्या इकडेतिकडे वाहत असतात. पण चपट्याला एक विद्या येते. तो आपल्या अंगावर यजमानाच्याच ओळखीचा लेप चढवतो. पहारेकरी जवळून जातात, वास घेतात, 'आपलाच आहे' म्हणून पुढे सरकतात. थोरल्या आईचे पहारेकरी असेच फसले होते.

माझे फसले नाहीत. ती माझ्या धाकट्या आईची देणगी. खाष्ट बाईचे रक्तही खाष्ट. पहिला पहारेकरी त्याला चिकटला तो सुटलाच नाही. त्याच्यावर दुसरा बसला, त्याच्यावर तिसरा. थरावर थर चढले, जसा पाटवडीचा घट्ट गोळा व्हावा तसा त्याच्याभोवती गोळा झाला. त्याला हलता येईना, खाता येईना. मग त्यांनी आतल्या आत त्याच्यावर जाळणारा रस सोडला. दुसऱ्या दिवसापर्यंत तो संपला.

तो माझ्या अंगात मरत होता तेव्हा मी शेवाळ खात होते. जेवण थांबवले नाही. त्याला तेवढा मान द्यायची माझी इच्छा नव्हती.

आणि एक गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती, ती पुढे बरणीत कळली. एकदा त्याला मारलेले रक्त त्याला विसरत नाही. दुसऱ्यांदा तो आला तर त्याला चिकटायलाही कुणी जात नाही, माझ्या रक्तात विरघळलेली औषधेच त्याला गाठतात आणि तो दारातच मरतो. राग धरून ठेवणे वाईट, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. असेल वाईट. माझे रक्त मात्र रागावरच जगले.

पौषात काजळीच्या जबड्याखाली पाणी भरले. पिशवी लटकावी तशी सूज. दूध निम्म्यावर आले, अंगावरचे केस उभे राहिले, बरगड्या मोजता येऊ लागल्या. डॉक्टर आले, त्यांनी औषध पाजले, सूज उतरली, आणि महिन्याने पुन्हा आली. चिमणाबाई काजळीच्या गळ्याशी बसून तिची सूज कोमट पाण्याने शेकायच्या आणि तिच्याशी बोलायच्या. आपल्या माणसांशी त्या इतके मऊ बोलत नसत.

डेअरीवर कुणीतरी सांगितले की हा रोग तळ्यातल्या गोगलगायी देतात. इथे आम्हाला गोकळगाय म्हणतात. मोरचूद टाका, तो शहाणा म्हणाला, सगळ्या साफ होतील.

अर्धे खरे नेहमीच पुऱ्या खोट्यापेक्षा लवकर पटते. चिमणाबाई घरी आल्या आणि जयसिंगरावांना म्हणाल्या, 'नाव गायीचं घेतलंय आणि धंदा म्हशी मारायचा. बघते मी.'

माघातल्या एका सकाळी त्यांनी मोरचुदाची निळी पिशवी फोडून आमच्या तळ्यात ओतली.

त्या सकाळबद्दल मी थोडकेच सांगते. निळा रंग पाण्यात सुंदर दिसतो. आधी मासे उलटे झाले. मग बेडकांची पिल्ले. मग आम्ही. आमची कातडी उघडी, पाणी थेट रक्तात जाते. माझी भावंडे शंखात शिरून तोंड मिटून बसली आणि तशीच मेली. त्यांत चपट्याला बळी पडणारी होती आणि माझ्यासारखी त्याला मारणारीही होती. विष विचारत नाही, तू चोर की पहारेकरी.

धाकटी आई मला म्हणाली, वर चल. आमच्या जातीला हवेत श्वास घेता येतो. आम्ही दोघी पायरीच्या दगडावर चढलो, पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर. उन्हात अंग वाळत होते, पण जीव होता. मग त्या दगडावर सावली पडली.

चिमणाबाई काय काय मेले ते पाहायला खाली आल्या होत्या. पायात जाड तळव्याच्या चपला. त्यांनी आम्हाला पाहिले. धाकटी आई पुढे होती. त्यांनी टाच ठेवली आणि फिरवली.

आवाज फार झाला नाही. वाळलेले पान चुरावे तेवढा.

पुन्हा टाच उचलली ती माझ्यावर. शंखाची कड फुटली, शिंग चिरडले. तेवढ्यात वरून कुणी धावत आले. सुभानपुऱ्याहून आलेली त्यांची नात, रसिका. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते.

'आजी, थांब. पाय उचल.'

'का? तुझी मावशी लागते?'

'मला एक तरी जिवंत हवी आहे. हिच्यामुळेच रोग होतो की नाही, ते बघायला.'

'त्यात बघायचं काय? होतो. सगळ्या गावाला माहीत आहे.' चिमणाबाईंनी पाय बाजूला घेतला तो नातीसाठी, माझ्यासाठी नव्हे. 'एवढी शिकलीस ती गोकळगायी वेचायला? ने. पण या घरात ठेवायची नाही.'

अशी मी बडोद्यात गेले. दोन आया मागे टाकून, फुटका शंख घेऊन.

सुभानपुऱ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी माझी बरणी होती. रसिका अंड्याची टरफले कुटून पाण्यात टाकायची. त्याच्या चुन्याने मी माझा शंख स्वतः सांधला. कुणाकडून सांधून घेतला नाही. त्या सांध्याची रेघ अजून जाड आहे आणि ती मला आवडते.

फाल्गुनात मी एकटीनेच अंडी घातली. आमच्यात तेही जमते. चाळीस पोरे झाली. मी त्यांना रोज दोनच गोष्टी सांगायचे. एकीच्या आत कुणी शिरले, दुसरीवर कुणी पाय दिला. विसरलात तर माझी नव्हेत.

इकडे तळ्यात काय झाले ते रसिकाच्या बोलण्यातून कळत होते. चैत्रात कालव्याला पाणी सुटले आणि त्याबरोबर तळ्यात नव्या गोगलगायी आल्या. रिकामे तळे, भरपूर शेवाळ, भांडायला कुणी नाही. त्या वाढल्या. त्यांच्या पूर्वजांनी चपट्या कधी पाहिलाही नसेल, त्यांचे पहारेकरी भोळे. आणि नाली रोज पहाटे वाहतच होती. आषाढात काजळीची सूज परत आली, या वेळी बिजलीलाही आली. काजळी उठून उभी राहीना. चिमणाबाईंनी दुसरी निळी पिशवी आणून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवली. गणपती होऊ देत, म्हणाल्या, विसर्जन झाले की ओतते. या वेळी दुप्पट.

रसिकाने फोनवर खूप समजावले. चिमणाबाईंचे एकच, की पुस्तकात म्हैस नसते.

तेव्हा रसिकाने समजावणे सोडले आणि काम सुरू केले. तळ्यातल्या नव्या गोगलगायी आणून दुसऱ्या बरणीत ठेवल्या. काजळीच्या शेणातून अंडी धुऊन काढली, पंधरा दिवस अंधारात सांभाळली, त्यातून केसाळ पोरे निघाल्यावर थोडी त्या बरणीत सोडली आणि थोडी माझ्या.

ती माझ्याकडे पोहत आली तेव्हा मला काय वाटले असेल? भीती नाही. मी पाय पसरून बसले. या, म्हटले. तुमची वाट बघत होते. थोरल्या आईला न विचारता आलेले पाहुणे तुम्ही. या.

एकही वाचले नाही. रसिकाने पुन्हा सोडले. पुन्हा नाही. माझ्या पोरांच्या बरणीत सोडले, तिथेही बहुतेक सगळे मेले. मग आत काय होते ते बघायला तिने माझे एक पोर काचेवर ठेवले आणि दाबले. ती आधी 'सॉरी' म्हणाली, ते मी ऐकले. तिच्यावरचा तेवढा राग मी राखून ठेवला आहे. पण कॉलेजातून परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ती बरणीशी वाकून म्हणाली, की त्या किड्याभोवती पहारेकऱ्यांचा असा गोळा तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन्ही बरण्या घेऊन कोयलीच्या घरी आली. ओट्यावर ऊन होते. तिने बरण्या शेजारीशेजारी ठेवल्या, पलीकडे नेमकी ती निळी पिशवी होती. माझ्यात आणि तिच्यात हातभर अंतर. चिमणाबाईंनी पदर खोचलेला होता, हातात बादली होती. त्या ओतायला निघाल्या होत्या. जयसिंगराव खुर्चीत पेपर वाचत होते.

'एक पाच मिनिटं बस,' रसिका म्हणाली. तिने पाण्यालगतचे एक गवत तोडून नव्या गोगलगायींच्या बरणीत घातले.

'मी बसले तर ती म्हैस बसलेलीच राहील,' चिमणाबाई म्हणाल्या. पण टेकल्या.

ऊन काचेतून आत उतरले. आणि त्या बरणीतल्या मोठ्या गोगलगायीच्या अंगातून पीठ उडू लागले. तेच पीठ. मला थोरली आई आठवली आणि मी शंखात शिरले नाही, मुद्दाम बाहेर राहिले. बघता बघता गवताच्या पात्यावर पांढऱ्या टिकल्या बसल्या.

रसिकाने भिंग पुढे केले. चिमणाबाईंनी ते बाजूला सारले, मला डोळे आहेत म्हणाल्या, आणि बरणीला नाक लावून पाहिले.

'हे रोज तू काजळीला घालतेस,' रसिका म्हणाली. 'कोवळं म्हणून.'

 चिमणाबाईंनी माझ्या बरणीकडे बोट केले. 'आणि ही? हिच्यातून का उडत नाही?'

'हिच्यात मी ते किडे दोनदा सोडले. हिने दोन्ही वेळा मारले. आजी, ही तुझ्या पायरीवरची. टाचेखालची.'

त्यांनी मला ओळखले. सांध्याच्या रेघेवर त्यांची नजर थांबली. मीही माझे उरलेले शिंग ताणून त्यांच्याकडे पाहिले.

'तू यांच्यात सोडायला ते किडे आणलेस कुठून?' त्यांनी विचारले.

'काजळीच्या शेणातून.'

'गोठ्यात तर शेणाचा कण नसतो माझ्या.'

'गोठ्यात नसतोच,' रसिका हळू म्हणाली. 'मी नालीच्या तोंडाशी भांडं धरून उभी राहिले. तू धुतलंस, ते आपोआप आलं.'

पेपरचे पान उलटल्याचा आवाज झाला. बस्स, तेवढाच. जयसिंगराव चाळीस वर्षांच्या संसारात शिकले होते की कुठे गप्प बसायचे.

मित्रांनो, मी सूड म्हणून किती काय काय योजले होते. तिच्या विहिरीत जावे, तिच्या देवघरात बुळबुळ सांडावी. पण त्या दुपारी चिमणाबाईंचा चेहरा पाहिला आणि कळले की याहून मोठे काही मला जमले नसते. ज्या स्वच्छतेवर ती बाई गावात मान ताठ ठेवून चालत होती, त्याच स्वच्छतेने तिने स्वतःच्या काजळीला रोज पहाटे थोडे थोडे मारले होते. आणि ते तिला सांगायला पुरावा म्हणून मी बसले होते, जिला तिने चिरडून टाकले होते. मी नजर हटवली नाही. अगदी शेवटपर्यंत तिला पाहू दिले.

त्या दिवशी चिमणाबाईंनी कुणाला चहा विचारला नाही. निळी पिशवी उचलली आणि चालत डेअरीवर गेल्या. ज्याने सल्ला दिला होता त्याच्यापुढे ती ठेवली आणि म्हणाल्या, 'ही तुझ्या अंगणात ओत. तिथे काही उगवलं तर मला बोलाव.'

दुसऱ्या पहाटे त्यांनी स्वतः विटा आणि कालवलेला चिखल घेऊन नालीचे तोंड बुजवले. परसात खड्डा खणवून घेतला. आता शेण पाटीत भरून डोक्यावरून खड्ड्यात जाते, गोठा धुतलेले पाणी शेवग्याच्या आळ्यात जाते. नळीने पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला तास लागतो आणि त्यांची कंबर दुखते. मला ते ऐकून समाधान होते, खोटे कशाला बोलू? रंजनबेननी विचारले, की केम, नाळी बंध? चिमणाबाई म्हणाल्या, 'गोठा माझा, शेण माझं. मी डोक्यावर घेईन नाहीतर मखरात बसवीन.' काठचे गवत आता कापत नाहीत. कापलेच तर आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवून, टिकल्या मेल्यावर घालतात. डॉक्टरांनी पुन्हा औषध दिले आणि या वेळी सूज परत आली नाही. काजळी दसऱ्याला उठून उभी राहिली. बिजली तर आता माझ्या अंगावर पाणी उडवते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रसिकाने मला आणि माझ्या पोरांना तळ्यात सोडायला आणले. पायरीपर्यंत बरणी चिमणाबाईंनी घेतली. नात म्हणाली, मी सोडते. त्या म्हणाल्या, नको, मीच. वाकून त्यांनी बरणी पाण्यात आडवी केली आणि मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू बोलल्या, 'जा. आणि नीट पहारा दे.' माफी नाही मागितली. मीही मागितली नसती. माणसाने असेच असावे.

नव्या गोगलगायींपैकी आजारी होत्या त्या हळूहळू मेल्या. आता चपट्याची अंडी तळ्यात फारशी येत नाहीत, आणि शेजारच्या गोठ्यांतून एखादे केसाळ पोर वाहत आलेच तर त्याला एक दिवस असतो आणि पुढे माझी पोरे असतात. त्याला वाटते, घर सापडले. तो आत शिरतो. बाकीचे माझे रक्त बघून घेते. थोरल्या आईसाठी घेतलेला सूड असा अजून रोज चालू आहे आणि मी मेल्यावरही थांबणार नाही, तो मी अंड्यांत घालून ठेवला आहे.

तुम्हाला काही सांगायचे तर एवढेच. तुमच्या घराशी तळे असेल तर आपले घर धुतलेले पाणी कुठे जाते ते एकदा त्याच्या मागे चालत जाऊन पाहा. आणि पाण्यात विष ओतण्याआधी त्या पाण्यात कोण कुणाशी लढते आहे ते विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर माझ्यासारखे वाईट शत्रू मिळतील, आणि ते विसरत नाहीत.

आता माझे फार दिवस राहिले नाहीत. सकाळी मी पायरीच्या दगडावर येऊन बसते, धाकटी आई जिथे गेली तिथेच. चिमणाबाई पाटी रिकामी करून हातपाय धुवायला खाली येतात. वरच्या पायरीवर त्या चपला काढतात, हातात घेतात, आणि अनवाणी, दगड बघत बघत, एक एक पाऊल टाकत उतरतात.

मी त्यांना माफ केलेले नाही. पण त्या येताना दिसल्या की वाटेतून बाजूला सरकणे मी सोडले आहे.